लोकसंगीतातील जुने आणि नवे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोवाडा, लावणी, गोंधळ, जागरण, भारूड, ओवी यांच्या सादरीकरणात नवे काही आले की दोन प्रकारच्या तक्रारी हमखास ऐकू येतात. एका बाजूला ‘परंपरा बुडाली’ असे म्हटले जाते, तर दुसऱ्या बाजूला ‘जुन्यांना काहीच चालत नाही’ असा सूर निघतो. यात्रा समित्या, महाविद्यालयांचे सांस्कृतिक विभाग, लोककलावंत आणि लोकसंगीताकडे नव्याने वळलेले संगीतकार यांच्याकडून येणाऱ्या प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. उत्तरे तटस्थ ठेवण्याचा प्रयत्न केलेला नाही. जेथे एक बाजू अधिक योग्य वाटते, तेथे तसे स्पष्ट म्हटले आहे.

प्रश्न : लोकसंगीतातील ‘पारंपरिक’ गोष्ट किती जुनी असावी लागते?

अनेकदा ती वाटते त्यापेक्षा बरीच अलीकडची असते. संगीतबारीत (गाणे आणि नाच यांवर भर असलेल्या तमाशात) आणि भजनात पेटी, म्हणजे हार्मोनियम, नसेल तर आज चुकल्यासारखे वाटते. पण हे वाद्य युरोपातून एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे आले आणि ते भारतीय गायनाला मारक आहे, अशी टीका विसाव्या शतकातही होत होती. आकाशवाणीने 1940 मध्ये तिच्यावर बंदी घातली आणि ती बंदी काही दशके टिकली. त्या काळातील कर्मठांच्या दृष्टीने जी पेटी परकी होती, तीच आजच्या कर्मठांच्या दृष्टीने की-बोर्डाविरुद्धचा पुरावा ठरते.

चालींचेही तसेच आहे. शाहीर होनाजीची ‘घनश्याम सुंदरा’ ही भूपाळी पेशवाईच्या अखेरच्या काळातील असली, तरी आज घराघरांत ती ज्या चालीत म्हटली जाते, ती वसंत देसाई यांनी 1951 च्या ‘अमर भूपाळी’ या चित्रपटासाठी बांधलेली आहे. तिला कोणी नवी म्हणत नाही, कारण लोकांनी ती आपलीशी केली आहे. आंतरराष्ट्रीय लोकसंगीत परिषदेने 1954 मध्ये साओ पावलो येथे लोकसंगीताची जी व्याख्या स्वीकारली, तिच्यात सातत्य, भेद आणि समाजाने केलेली निवड असे तीन घटक मानले होते. त्यांपैकी तिसरा घटक आपल्या वादांत सहसा विसरला जातो.

कालावधीबद्दलही हेच म्हणता येईल. रील आणि छोट्या चित्रफितींमुळे लोकगीतांचे तुकडे झाले, ही तक्रार खरी आहे. पण 78 आरपीएमच्या ग्रामोफोन तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटेच गाणे मावत असे आणि तासभर रंगणाऱ्या गायनाला पहिली कात्री तेथेच लागली होती.

प्रश्न : म्हणजे कोणताही बदल चालतो, असे समजावे का?

नाही. बदल पूर्वीपासून होत आले, एवढ्यावरून प्रत्येक बदल चांगला ठरत नाही. नव्या सादरीकरणाला तीन प्रश्न विचारावेत. ते विधीच्या जागी होत आहे की मंचावर? मूळ प्रकारातील संगीताचा जो गाभा आहे, त्याचे त्यात काय झाले? आणि ज्यांच्याकडून हे घेतले, त्यांचे नाव व मोबदला यांची काय व्यवस्था केली? या तिसऱ्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळाले की पहिल्या दोन प्रश्नांवरचे भांडण पुष्कळ सौम्य होते, असा अनुभव आहे. ‘आमची कला बिघडवली’ या तक्रारीच्या पोटात ‘आमची कला नेली आणि आम्हाला विचारलेही नाही’ हे दुखणे फार वेळा असते.

प्रश्न : घरी घातलेला गोंधळ आणि मंचावरचा गोंधळ यांना एकच नियम लावावा का?

लावू नये. लग्नानंतर किंवा मुंजीनंतर कुळाचार म्हणून घातलेला गोंधळ हा विधी आहे. त्यात चौक भरणे, घट मांडणे, दिवटी पेटवणे, तुळजापूरच्या भवानीपासून गावच्या दैवतापर्यंत सर्वांना नावे घेऊन गोंधळाला बोलावणे, त्यानंतर आख्यान आणि शेवटी आरती असा क्रम असतो. हे यजमान कुटुंबाने देवीला दिलेले वचन असते. तेथे श्रोत्याला कंटाळा येईल म्हणून आवाहन गाळणे, किंवा संबळवादक मिळत नाही म्हणून मोबाईलवर संबळ वाजवणे, याला प्रयोग म्हणता येणार नाही. अशा ठिकाणी शेवटचा शब्द त्या कुटुंबाचा आणि गोंधळी मंडळींचा असावा. बाहेरच्या संगीतकाराने किंवा अभ्यासकानेही तेथे नियम सांगू नयेत. गोंधळ्यांनी स्वतःच ध्वनिक्षेपक वापरायचे ठरवले, तर ‘यामुळे अस्सलपणा गेला’ असे सांगण्याचा अधिकार चित्रीकरण करायला आलेल्या पाहुण्याला नाही.

मंचाचे शास्त्र वेगळे आहे. शाहीर साबळे यांनी ‘महाराष्ट्राची लोकधारा’मध्ये वासुदेव, गोंधळी, कोळी, वाघ्या-मुरळी अशी निरनिराळ्या जागची आणि निरनिराळ्या वेळची रूपे एका कार्यक्रमात आणली. विठ्ठल उमप यांनी द्रौपदी आणि कर्ण यांची कथा ‘जांभूळ आख्यान’मधून गोंधळाच्या अंगाने रंगभूमीवर उभी केली. तेथे प्रेक्षक तिकीट काढून आलेला असतो, कोणाच्याही घरचा कुळाचार त्यामुळे अपुरा राहत नाही आणि दिग्दर्शकाला काटछाट करण्याची मोकळीक असते. यातील अट एवढीच की मंचावरच्या रूपाने आपण विधीचे प्रतिनिधी असल्याचा दावा करू नये. दोन तासांच्या कार्यक्रमातील दहा मिनिटांचा गोंधळ पाहून ‘गोंधळ असा असतो’ असे नव्या पिढीला वाटू लागले, तर त्या गैरसमजाची काही जबाबदारी निवेदकावर येते.

प्रश्न : की-बोर्ड आणि ऑक्टोपॅड (तालवाद्यांचे आवाज काढणारे इलेक्ट्रॉनिक पॅड) वापरल्याने संगीतात नक्की काय बदलते?

हा प्रश्न भावनेने सोडवण्यापेक्षा कानाने सोडवावा. पहिला फरक लयीचा आहे. गोंधळाचे आख्यान पुढे सरकते तसा संबळाचा जोर चढत जातो आणि लय गायकाच्या श्वासाबरोबर वाढते. पोवाड्यात शाहीर एखादा शब्द लांबवतो, मध्येच गद्यात प्रसंग सांगतो, आणि मागे उभे राहून सूर धरणारे झीलकरी त्याच्या तोंडाकडे पाहून ‘जी जी रं जी’ उचलतात. आधी भरून ठेवलेला ताल एका ठराविक गतीने चालतो. गायकाने त्याच्यामागे धावायचे ठरवले की शाहिराचे कथन संपते आणि गाणे उरते. गीत म्हणून ते चांगलेही होईल. पण पोवाड्याची ताकद कथनात होती, याचे भान ठेवले पाहिजे.

दुसरा फरक आघाताचा आहे. ढोलकीच्या डाव्या बाजूचा घुमारा वादक तळहाताच्या दाबाने खालीवर करतो. त्यामुळे ‘त्याच’ ठेक्याची दोन आवर्तने सहसा सारखी नसतात. ऑक्टोपॅडवर ढोलकीचा नमुना वाजतो तेव्हा प्रत्येक आघात पहिल्यासारखाच येतो. तिसरा फरक स्वरांचा आहे. तुणतुण्याची एकच तार स्वर आणि ताल असे दोन्ही धरून ठेवते आणि गायकाला स्वरांच्या मधल्या जागा मोकळ्या ठेवते. की-बोर्डावरचे कॉर्ड एकदा खाली वाजू लागले की चाल हळूहळू त्या कॉर्डांच्या सोयीने वळते आणि गायकाच्या गळ्यातील खास जागा बुजतात.

हे सगळे खरे असूनही ऑक्टोपॅड लावणाऱ्या फडमालकाला, म्हणजे तमाशाचा संच चालवणाऱ्याला, दोष देणे अन्यायाचे आहे. चार वादकांची बिदागी, जेवण आणि प्रवास यांऐवजी एका वादकाचा खर्च सोसतो, हे त्याचे गणित असते आणि ते त्याने हौसेने मांडलेले नसते. यात्रा समितीला ढोलकी, हलगी आणि तुणतुणे प्रत्यक्ष ऐकायचे असेल, तर तिने सुपारी (कार्यक्रमाचा करार) ठरवतानाच तसे सांगावे आणि वादकांचे वेगळे पैसे द्यावेत. सुपारी पूर्वीइतकीच देऊन परंपरेचा आग्रह धरणे सोपे आहे, पण ते प्रामाणिक नाही.

प्रश्न : चित्रपटातील लावणी ही खरी लावणी मानावी का?

या प्रश्नाच्या मांडणीतच थोडी गल्लत आहे, कारण चित्रपटाच्या आधीही लावणी एकच नव्हती. फडाच्या लावणीत ढोलकीचा कडकडाट आणि नृत्य पुढे असते, तर बैठकीच्या लावणीत एकच ओळ पुन्हा पुन्हा घेऊन दर वेळी निराळ्या अदेने तिचा निराळा अर्थ काढला जातो. यमुनाबाई वाईकर (1915–2018) या बैठकीच्या लावणीतील मोठे नाव. त्यांच्या गायकीत ठुमरी आणि गझल यांचेही संस्कार होते. सुलोचना चव्हाण (1933–2022) मुंबईत वाढल्या, तमाशाच्या फडात कधी नाचल्या नाहीत, डोक्यावर पदर घेऊन माईकपुढे गायल्या आणि तरीही लावणीचा ठसका त्यांच्या आवाजाने महाराष्ट्राच्या कानात बसवला. यमुनाबाईंना 2012 मध्ये आणि सुलोचनाबाईंना 2022 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांपैकी एकीला खरी आणि दुसरीला खोटी ठरवण्याने लावणीविषयी काहीच कळत नाही.

मात्र एक विषमता नोंदवावीच लागेल. ज्या कोल्हाटी आणि अन्य समाजांतील स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या ही कला जपली, त्यांच्या वाट्याला समाजाची हेटाळणी आली; तीच लावणी पडद्यावर गेल्यावर कौतुकाचा विषय झाली. आज वार्षिक संमेलनात लावणी सादर करणाऱ्या विद्यार्थिनीचे पालक टाळ्या वाजवतात, ही चांगलीच गोष्ट आहे. त्याच पालकांना कला केंद्रातील कलावती आपल्या शेजारी राहायला आलेली चालेल का, हा सहिष्णुतेचा अधिक अवघड प्रश्न आहे आणि तो संगीताबद्दलचा नाही.

प्रश्न : जुन्या घाटात नवा आशय घालणे, विशेषतः सामाजिक किंवा राजकीय आशय घालणे, परंपरेला धरून आहे का?

मराठीत तरी याला सर्वांत जुना आणि सर्वांत भक्कम आधार आहे. संत एकनाथांनी (1533–1599) वासुदेव, जोशी, गोंधळी अशा दारोदार फिरणाऱ्या लोकांची बोली आणि रूपे उचलून त्यांत अध्यात्म भरले. ‘सत्वर पाव गे मला, भवानीआई रोडगा वाहीन तुला’ हे वरवर सासुरवाशिणीचे गाऱ्हाणे आहे आणि आत वेगळेच काही आहे. आज या भारुडाकडे बोट दाखवून ‘अशी परंपरा जपा’ असे आपण सांगतो.

पुढे सत्यशोधक चळवळीच्या जलशांनी (गाण्या-नाट्यातून प्रचार करणाऱ्या प्रयोगांनी) तमाशाचा सांगाडा घेतला आणि त्यातील गण (सुरुवातीचे गणपतीवंदन), गवळण आणि वग (कथानाट्य) यांचा आशय बदलून टाकला. आंबेडकरी जलशांनी तीच वाट पुढे नेली. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी 1944 मध्ये लाल बावटा कलापथक उभे केले आणि अण्णा भाऊंच्या गणात गणपतीऐवजी मायभूमीला वंदन आले. जुन्या तमासगिरांना ते खटकले असेल, हे समजण्यासारखे आहे. पण ज्या घाटात हे घडले तो घाट कामगार श्रोत्यांना ओळखीचा होता, म्हणूनच त्यातील नवा विचार त्यांच्यापर्यंत पोहोचला.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. वामनदादा कर्डक आणि त्यांच्या परंपरेतील गायकांची भीमगीते लोकसंगीताच्या चर्चेतून पुष्कळदा बाहेर ठेवली जातात. त्यांत चित्रपटाच्या किंवा कव्वालीच्या वळणाच्या चाली आहेत, हे कारण दिले जाते. परंतु ही गाणी वस्त्यावस्त्यांतून तोंडी पसरली, गायकागणिक बदलली आणि लोकांनी निवडून टिकवली. लोकसंगीताची याहून नेमकी खूण शोधून सापडणार नाही.

प्रश्न : लोकगीतावर कोणाचाच मालकी हक्क नसतो, मग परवानगी कोणाची घ्यायची?

‘लोकगीत’ म्हणून फिरणाऱ्या सर्वच रचना अनामिक नसतात, हे प्रथम तपासावे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याच्या रचनेवरील हक्क टिकतो. पठ्ठे बापूराव 1945 मध्ये वारले. त्यांच्या लावण्या आता सर्वांना खुल्या आहेत. अण्णा भाऊ साठे 1969 मध्ये वारले, म्हणून त्यांच्या रचनांवरील हक्क 2029 च्या अखेरपर्यंत आहे. वामनदादा कर्डक 2004 मध्ये गेले, म्हणजे त्यांची गीते 2064 पर्यंत संरक्षित आहेत. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो आणि तो प्रकाशनापासून साठ वर्षे चालतो. त्यामुळे रचना खुली असली तरी जुन्या तबकडीचा तुकडा कापून आपल्या गाण्यात जोडता येतोच असे नाही.

अनामिक ओवी किंवा गोंधळातील पद कोणीही गाऊ शकतो. तरीही ती ओवी ज्या बाईंनी तुमच्या माईकपुढे गायली, त्या मात्र अनामिक नसतात. 1994 च्या दुरुस्तीने सादरकर्त्याचा हक्क कायद्यात आला, तो आता पन्नास वर्षांचा आहे आणि 2012 च्या दुरुस्तीनंतर सादरकर्ता म्हणून ओळखले जाण्याचा हक्कही त्याला मिळाला आहे. म्हणून ध्वनिमुद्रणापूर्वी गायिकेला ते कशासाठी आहे, कोठे प्रसिद्ध होणार आहे आणि त्यातून उत्पन्न झाले तर तिचा वाटा किती, हे तिच्या भाषेत सांगून लेखी संमती घ्यावी. ‘पारंपरिक’ एवढाच शब्द छापून खाली फक्त संगीत संयोजकाचे नाव देणे ही आजची सर्वांत रुळलेली आणि सर्वांत वाईट प्रथा आहे.

प्रश्न : छापील किंवा ध्वनिमुद्रित पाठ प्रमाण मानून बाकीचे चुकीचे ठरवावेत का?

ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी 1891 मध्ये ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह छापला नसता, तर कितीतरी पोवाडे आपल्याला कळलेच नसते. पण त्या संग्रहाने एका गायकाचा एका वेळचा पाठ पकडला, एवढेच म्हणता येईल. दुसऱ्या गावातील शाहिराचा पाठ निराळा असेल तर तो चुकलेला नसतो.

जात्यावरच्या ओव्यांच्या बाबतीत हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सुरू केलेल्या आणि आता ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर असलेल्या संग्रहाने चांगला पायंडा पाडला आहे. एक लाखाहून अधिक ओव्यांच्या या संग्रहात गायिकेचे आणि गावाचे नाव जपले आहे, आणि एकाच विषयावरच्या अनेक ओव्या शेजारी शेजारी वाचता येतात. दळण गिरणीत गेल्यावर या ओव्यांची जागाच उरली नाही. आधुनिक यंत्राने जे नाहीसे केले, ते आधुनिक यंत्रानेच राखले, हे नोंदवण्यासारखे आहे.

प्रश्न : वाद्याचे साहित्य बदलले तर ते वाद्य तेच राहते का?

गोव्यातील घुमटाचे उदाहरण पाहावे. मातीच्या या वाद्याच्या मोठ्या तोंडावर पूर्वी घोरपडीचे कातडे ताणून बसवत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे ते बेकायदा ठरले आणि कारागीर बकऱ्याच्या कातड्याकडे वळले. नाद थोडा बदलला, वादकांनी त्याबद्दल हळहळही व्यक्त केली, पण आरती आणि मांडो (गोव्यातील कोकणी गीतप्रकार) यांची साथ थांबली नाही. 2019 मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याच्या वारसा वाद्याचा दर्जा दिला. हलगी आणि डफ शेकोटीवर शेकून ताणावे लागतात, ढोलाचे चामडे पावसाने ढिले पडते. फायबरचे पान (चामड्याऐवजी वाद्याच्या तोंडावर बसवलेला पडदा) वापरणाऱ्याला ही कटकट उरत नाही. भर पावसातल्या मिरवणुकीत ते चालून जाईल; बंदिस्त सभागृहात मात्र चामड्याचा नाद ऐकवावा, असे आमचे मत आहे.

प्रश्न : मिरवणुकीतील डीजेला विरोध करणे म्हणजे आधुनिकतेला विरोध करणे नव्हे का?

नव्हे. तो आवाजाच्या पातळीचा प्रश्न आहे. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपकावर बंधन घालतात, मग त्यावर रिमिक्स लागलेले असो की अभंग. ढोल-ताशांची मोठी पथकेही आसपासच्या रुग्णांना आणि तान्ह्या मुलांना तितकाच त्रास देऊ शकतात, याचा परंपरेच्या बाजूने बोलणाऱ्यांना अनेकदा विसर पडतो.

प्रश्न : परदेशातील मराठी मंडळात वादक नसतात. तेथे ट्रॅक लावून पोवाडा म्हटला तर चालेल का?

चालेल. तेथे पर्याय ट्रॅक किंवा काहीच नाही, असा असतो. शक्य असेल तर निदान झील प्रत्यक्ष धरावी, कारण त्यासाठी वाद्य लागत नाही आणि मुले ती लगेच शिकतात.

प्रश्न : एकाच कार्यक्रमात पारंपरिक कलावंत आणि नव्या पिढीचा बँड असेल, तर आयोजकांनी कोणती काळजी घ्यावी?

ध्वनितपासणीची वेळ दोघांनाही द्यावी. बँडला दोन तास आणि शाहिराला ‘एक माईक आहेच’, असे प्रत्यक्षात फार घडते. मग तुणतुणे कोणाला ऐकू येत नाही आणि प्रेक्षक म्हणतात की जुन्यात दम नाही. संबळ, हलगी आणि ढोलकी यांना वेगळे माईक लागतात, हे ध्वनिव्यवस्था पाहणाऱ्याला आधी कळवावे. पट्टी शाहिराने सांगावी आणि बँडने ती धरावी. वयस्क गायकाला ट्रॅकच्या पट्टीत गायला लावू नये. एकत्र रचना सादर करायची असेल तर तालमीचा दिवस ठेवावा आणि त्या दिवसाचेही पैसे द्यावेत, कारण यात्रेच्या हंगामात कलावंताची एक सुपारी त्यामुळे बुडते. बिदागीचे आकडे सारखे नसतील, तर निदान ती त्याच दिवशी आणि त्याच पद्धतीने दिली जावी. बँडला आगाऊ रक्कम आणि गोंधळ्यांना ‘नंतर ऑफिसात या’ असे होऊ नये.

क्रम ठरवताना पारंपरिक कलावंतांना केवळ सुरुवातीच्या वंदनेपुरते ठेवू नये. प्रेक्षक येऊन बसत असतानाची पहिली वीस मिनिटे ही कार्यक्रमातील सर्वांत वाईट वेळ असते, हे प्रत्येक आयोजकाला ठाऊक असते.